शेठ वालचंद हिराचंद : व्यापाऱ्यांना एका छताखाली आणणारे उद्योगमहर्षी

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात लावलेल्या आपल्या ट्रस्टच्या रोपट्याने आता पन्नास वर्षे पूर्ण केली आहेत. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला. धर्म व तत्त्वज्ञान या विषयांवर अधिकाराने लिहिणारी विद्वान मंडळी या अंकात आहेत. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेले. म्हणून माझ्या परिचयाच्या क्षेत्रातील, परंतु आपल्या समाजाला भूषणभूत ठरलेल्या एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ते पुरुष म्हणजे सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद दोशी.

शेठजींचे नाव निघाले की जहाज, विमान व मोटार या तीन गोष्टी आपल्याला आठवतात. शाळेतील भाषणांत व वर्तमानपत्रांतील लेखांत याच तीन गोष्टींचा उल्लेख असतो आणि तो योग्यही आहे. मात्र याच गृहस्थांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापाऱ्यांची मध्यवर्ती संस्था स्थापन केली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला भेटावे, जातपात व पेठ विसरून एका सतरंजीवर बसावे आणि आपले म्हणणे एकमुखाने मांडावे, यासाठी त्यांनी केलेले कार्य मला त्यांच्या कारखान्यांइतकेच मोलाचे वाटते. प्रस्तुत लेखात त्यावरच विशेष भर दिला आहे.

घराणे व संस्कार

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दशा हुमड दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात आलेले हे कुटुंब सोलापुरात स्थिरावले आणि मराठी मुलखाशी एकरूप झाले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी व सावकार असले, तरी त्यांची खरी ख्याती समाजसुधारक म्हणून होती. वालचंद लहान असतानाच हिराचंदांनी जैन बोधक हे मराठी मासिक सुरू केले होते.

त्या काळातील आपल्या समाजाची स्थिती लक्षात घेतली म्हणजे या मासिकाचे महत्त्व कळते. जैन कुटुंबे खेडोपाडी विखुरलेली होती. एका गावात दोन घरे, दुसऱ्या गावात चार घरे अशी वस्ती होती. या विखुरलेल्या घरांना एकमेकांची खबर मिळावी, शिक्षणाचा व सुधारणेचा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचावा, हे काम छापील मासिकाने केले. विखुरलेल्यांना जोडण्याचे हे व्रत वालचंदांनी घरातच पाहिले होते. पुढे मुलाने निवडलेले क्षेत्र निराळे होते, परंतु काम बरेचसे त्याच जातीचे होते, असे मला वाटते.

मॅट्रिक झाल्यावर वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. शिक्षण सोडून ते घरच्या व्यापारात आले. कापूस व धान्याच्या व्यवहारात त्यांना यश आले नाही, उलट नुकसान सोसावे लागले. भावातील चढउतारांवर बसून राहण्याचा धंदा आपल्या प्रकृतीला मानवणारा नाही, हे त्यांनी लवकरच ओळखले.

पहिली भागीदारी

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. रेल्वेची कामे कशी निघतात, निविदा कशी भरावी, मोजमाप कसे करावे, याची त्यांना माहिती होती. भांडवल मात्र नव्हते. वालचंदांच्या घरी भांडवल होते आणि अंगी धडाडी होती. दोघांनी मिळून अडीच फुटी रुळांच्या बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याचे काम घेतले व फाटक-वालचंद ही भागीदारी उदयास आली.

सोलापुरातील एका प्रतिष्ठित शेठजींचा मुलगा एका ब्राह्मण कारकुनाबरोबर भागीदारी करून मातीकामाचा ठेका घेतो, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. आपल्याकडे भागीदार शोधायचा तर भाऊबंदांत, नाहीतर सोयऱ्यांत, अशी रीत होती. ती अकारण नव्हती. जिथे कागदपत्रांपेक्षा शब्दाला किंमत असते, तिथे ओळखीचा माणूसच सुरक्षित वाटतो. वालचंदांनी ही मर्यादा पहिल्याच पावलाला ओलांडली. दुसऱ्याजवळ जे आहे व आपल्याजवळ जे नाही, ते पाहून त्यांनी जोडीदार निवडला.

या छोट्या कामातून पुढे मोठी बांधकामे मिळत गेली. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांची कंत्राटे मिळाली, त्यानंतर मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगद्यांचे अवघड काम त्यांच्या हातून झाले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

सागरावरील लढा

१९१९ हे वर्ष वालचंदजींच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरलेले ग्वाल्हेरच्या महाराजांचे लॉयल्टी हे जहाज विकावयाचे आहे, असे त्यांना कळले. शेठ नरोत्तम मोरारजी, सर लल्लुभाई सामळदास व शेठ किलाचंद देवचंद यांच्या साहाय्याने हे जहाज घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. नरोत्तम मोरारजी भाटिया वैष्णव, लल्लुभाई भावनगरचे नागर ब्राह्मण, वालचंद सोलापूरचे जैन. पुन्हा एकदा निरनिराळ्या समाजांतील माणसे एका कार्यासाठी एकत्र आली होती. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाले व स्वतः वालचंद त्या पहिल्या सफरीत होते. त्याच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

वस्तुतः लॉयल्टी हे जहाज कंपनीला फायद्याचे ठरले नाही. त्याहून मोठी अडचण समोर उभी होती ती प्रबळ ब्रिटिश जहाज कंपन्यांची. त्यांनी भाडी इतकी खाली आणली की नव्या कंपनीचा टिकाव लागणे कठीण व्हावे. दुसरे हत्यार अधिक सूक्ष्म होते. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्यापैकी काही भाग सूट म्हणून परत द्यावयाचा, पण तो लगेच द्यावयाचा नाही. पुढील काही महिने त्या व्यापाऱ्याने आपला सर्व माल याच कंपन्यांच्या जहाजांतून पाठविला तरच ती रक्कम त्याच्या हाती पडे. एखादी जरी खेप त्याने देशी जहाजातून पाठविली, तर मागची सारी सूट बुडे.

व्यापार करणाऱ्या वाचकांना यातील मेख चटकन लक्षात येईल. व्यापाऱ्याचाच पैसा अडकवून ठेवून त्यालाच बांधून घेण्याची ही युक्ती होती. एकेकटा व्यापारी मनात देशाभिमान असूनही काही करू शकत नव्हता, कारण नुकसान त्याच्या एकट्याचे होणार होते. सगळ्यांनी मिळून ठरविले असते तरच ही साखळी तुटली असती. वालचंदांना संघटनेचे मोल कळले असेल, तर ते या अनुभवातून.

अखेर १९२३ मध्ये सिंदिया कंपनीला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. कंपनी जगली, पण तिच्या वाढीवर बंधने आली. करार मान्य करूनही वालचंदांनी लढा सोडला नाही, त्याचे स्वरूप तेवढे बदलले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी व्यापारी मंडळांच्या ठरावांतून, सरकारी समित्यांपुढील साक्षींतून व कायदेमंडळातून सातत्याने मांडली गेली. सरकारने नेमलेल्या समितीने या मागणीला अनुकूल शिफारस केली. १९२७ मध्ये भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी होण्यासाठी शिक्षण देणारी डफरिन ही प्रशिक्षण नौका सुरू झाली. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी किनारी वाहतुकीच्या राखीवतेचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते संमत झाले नाही, परंतु प्रश्न देशापुढे आला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच ही मागणी प्रत्यक्षात आली.

१९२७ : महाराष्ट्र चेंबरची स्थापना

मुंबईत त्या वेळी व्यापारी संस्था नव्हत्या असे नाही. १८३६ मध्ये स्थापन झालेले बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स हे प्रामुख्याने युरोपीय व्यापाऱ्यांचे होते. भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर स्थापन केले आणि १९२७ मध्ये वालचंदजी त्याच चेंबरचे अध्यक्ष झाले. मुंबईतील सर्वांत प्रतिष्ठेच्या भारतीय व्यापारी संस्थेचे अध्यक्षपद हाती असताना त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्रासाठी निराळे चेंबर का काढले, हा प्रश्न सहज मनात येतो.

याचे उत्तर सोलापुरात आहे. मुंबईच्या चेंबरमध्ये गिरणीमालक, आयात-निर्यातदार व सराफ यांचा आवाज मोठा होता. सोलापूर, बार्शी, सांगली, जळगाव, अहमदनगर येथील व्यापाऱ्याच्या अडचणी निराळ्या होत्या. मालासाठी रेल्वेचा डबा वेळेवर न मिळणे, नगरपालिकेच्या जकातीचे दर, बाजारपेठेच्या गावी तार व टपालाची गैरसोय, हे प्रश्न मुंबईत बसून जाणवत नाहीत. हा व्यापारी मराठीत बोलणारा, इंग्रजी अर्ज लिहिण्यास कचरणारा आणि सरकारी कचेरीत एकटा जाणारा होता. तेथे त्याला उभे करून ठेवीत. वालचंदजी स्वतः त्याच बाजारपेठेतून आलेले असल्याने त्यांना हे ऐकीव नव्हते.

दुसरे कारण घटनात्मक होते. १९१९ च्या सुधारणांनंतर कायदेमंडळात, तसेच मुंबई पोर्ट ट्रस्टसारख्या संस्थांत मान्यताप्राप्त व्यापारी मंडळांना प्रतिनिधी पाठविता येत असत. सरकार एखादी समिती नेमी, तेव्हा साक्षीला बोलावणे येई ते संस्थांना. ज्यांची संस्था नाही, त्यांचे म्हणणे कागदावरच येत नसे.

त्याच वर्षी घडलेल्या एका गोष्टीवरून ही निकड स्पष्ट होते. १९२७ मध्ये सरकारने रुपयाचा विनिमय दर एक शिलिंग सहा पेन्स असा कायद्याने ठरविला. भारतीय व्यापारी संस्थांची मागणी एक शिलिंग चार पेन्सची होती. दोन पेन्सांचा फरक किरकोळ वाटतो, परंतु हिशेब मांडून पाहावा. चार पेन्सच्या दराने एका पौंडाचे १५ रुपये होतात. सहा पेन्सच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे परदेशी विकल्या जाणाऱ्या कापसाला तेवढ्याच पौंडांत भाव मिळाला, तरी हाती पडणाऱ्या रुपयांत नवव्या हिश्शाची तूट येणार. ही तूट अखेर खानदेश-वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या व त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या अडत्याच्या माथी बसणार. हा निर्णय झाला तेव्हा त्या अडत्याला कोणी काही विचारले नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांतील व्यापाऱ्यांची एक संस्था हवी, ती अशा वेळी.

महाराष्ट्र चेंबरने जिल्ह्यांतील व्यापारी, कारखानदार व स्थानिक व्यापारी संघ यांना सभासद करून घेतले. किराणा, कापड, धान्य, तेल, तंबाखू अशा निरनिराळ्या पेठांतील, निरनिराळ्या जातिधर्मांतील माणसे एका संस्थेत आली. पुढे कारखानदारी व शेती या दोन्हींचा अंतर्भाव संस्थेच्या नावातही झाला. व्यापारी, कारखानदार व शेतकरी यांचे हित परस्परांत गुंतलेले आहे, ही संस्थापकाची दृष्टी त्यातून दिसते. संस्था आजही कार्यरत असून २०२७ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण होतील.

१९२७ हेच वर्ष फेडरेशन ऑफ इंडियन चेंबर्स ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे फिक्की, या अखिल भारतीय संस्थेच्या स्थापनेचे. गावचा संघ, प्रांताचे चेंबर व देशाचे फेडरेशन अशी ही उतरंड होती. १९३२-३३ मध्ये वालचंदजी फेडरेशनचेही अध्यक्ष झाले. आर्थिक मंदीचा व राजकीय दडपशाहीचा तो काळ. ओटावा करारान्वये ब्रिटिश मालाला दिल्या जाणाऱ्या सवलतींना फेडरेशनने विरोध केला. सोलापूरच्या पेठेतून निघालेला माणूस देशातील व्यापाऱ्यांच्या सर्वोच्च संस्थेच्या खुर्चीवर बसला, ही आपल्या समाजाने अभिमान बाळगावी अशी गोष्ट आहे.

कारखानदारीचा विस्तार

यानंतरचा इतिहास सुपरिचित असल्याने थोडक्यात देतो. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव व पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात वसविलेले वालचंदनगर येथे माळरानावर ऊसशेती व साखर कारखाने उभे राहिले. रावळगावच्या गोळ्या चघळत आपली पिढी लहानाची मोठी झाली. ती नाममुद्रा २०२४ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली आणि तेथे बांधलेल्या जलउषा या जहाजाचे १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. याच कंपनीची पद्मिनी गाडी टॅक्सीच्या रूपाने २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धावत होती.

स्वभाव व अखेर

चरित्रलेखकाने गुणांबरोबर मर्यादाही सांगाव्यात. वालचंदजी हट्टी व उतावळे होते. भांडवल हाती नसताना मोठ्या योजना जाहीर करण्याचे धाडस ते करीत, त्यामुळे काही सहकारी धास्तावत. त्यांनी उभारलेल्या कित्येक गोष्टी त्यांच्या हाती राहिल्या नाहीत. विमान कारखाना युद्धकाळात, १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. विशाखापट्टणमचा कारखाना १९५२ मध्ये सरकारी नियंत्रणाखाली गेला.

इतका स्वतःच्या मताचा माणूस सभा-संमेलनांत, ठराव-दुरुस्त्यांत, चार निराळ्या मतांच्या माणसांना सांभाळून घेण्यात आयुष्यातील इतकी वर्षे घालवितो, याचे मला नवल वाटत आले आहे. चेंबरमध्ये शेठजींचाही शब्द अखेरचा नसे. दुसऱ्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असतो, ही अनेकांताची शिकवण आपण प्रवचनात ऐकतो. बाजारात ती पाळण्याची जागा म्हणजे अशी सभा. वालचंदजींनी ती स्वभावाला मुरड घालून पाळली असावी.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर स्वीकारलेले सिंदियाचे अध्यक्षपद प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी १९५० मध्ये सोडले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, सोलापुरातील वालचंद शिक्षणसंस्था, मुंबईतील वालचंद हिराचंद मार्ग व इंडियन मर्चंट्स चेंबरचे वालचंद हिराचंद सभागृह ही त्यांची नामस्मारके होत.

आपल्या ट्रस्टच्या निमित्ताने

हे चरित्र सुवर्णमहोत्सवी अंकात देण्यामागे एक हेतू आहे, तो स्पष्टपणे मांडतो.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्काची पद्धत असल्याने आम्हा कापड व्यापाऱ्यांना विक्रीकराच्या नोंदवह्या व विवरणपत्रे यांची सवय नव्हती. कापडावर पाच टक्के कर आला आणि गावातील लहान दुकानदार गांगरून गेले. तेव्हा सर्व व्यापाऱ्यांसाठी मार्गदर्शनाची बैठक आपल्या ट्रस्टच्या सभागृहात घ्यावी, अशी सूचना आली. सभागृह धर्मकार्यासाठी व समाजासाठी आहे, बाजाराच्या कामासाठी नाही, असा आक्षेप काही विश्वस्तांनी व सभासदांनी घेतला. प्रामाणिकपणे सांगतो, त्या आक्षेप घेणाऱ्यांत मीही होतो. बरीच चर्चा होऊन परवानगी मिळाली. पादत्राणे बाहेर, आत फक्त पाणी, सूर्यास्तापूर्वी समाप्ती, एवढ्या अटींवर बैठका झाल्या.

लिंगायत, माहेश्वरी, मराठा, मुस्लिम, सिंधी असे सर्व दुकानदार आले. सर्वांनी अटी निमूटपणे पाळल्या. ज्यांच्या दुकानासमोरून मी तीस वर्षे रोज जात होतो, त्यांतील काहींची पूर्ण नावे मला त्या दिवशी प्रथम कळली. आमच्याच शेजारच्या एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानदाराच्या मुलाने मला विवरणपत्र भरावयास शिकविले. पुढे टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, गरजूंना शिधा पोहोचविण्याचे काम ट्रस्टने हाती घेतले, तेव्हा याच ओळखी उपयोगी पडल्या. गोदाम एकाचे, टेम्पो दुसऱ्याचा, यादी तिसऱ्याची, असे ते काम झाले. त्यानंतर मात्र त्या बैठका पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

सभागृहाची एक खोली महिन्यातून एकदा गावातील व्यापारी संघाच्या बैठकीसाठी याच अटींवर द्यावी, असा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेपुढे मी लेखी ठेवला आहे. आपल्या समाजाने धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ व वसतिगृहे बांधली, ती सर्वांसाठी खुली ठेवली. प्राणिमात्रांनी परस्परांना साहाय्यभूत व्हावे, हे तत्त्वार्थसूत्राचे सांगणे आपण ट्रस्टच्या बोधचिन्हातही घेतले आहे. महिन्यातून दोन तास एक खोली देणे त्याहून मोठे दान नाही. मतभेद असणाऱ्या बंधूंनी सभेत अवश्य आपले म्हणणे मांडावे. मीही एके काळी त्यांच्याच बाजूस होतो, त्यामुळे ते मी आदराने ऐकेन.

सोलापूरच्या या थोर श्रावकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून लेखणीस विराम देतो. जय जिनेंद्र.